टर्नपाइकवरची झडती, खिडकीतली पाटी आणि न्यू जर्सीचं स्वतःचं संविधान

तुमचे प्रश्न थोडक्यात असे. तुम्ही एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहात, एडिसनला राहता. टर्नपाइकवर, म्हणजे राज्याच्या टोल महामार्गावर, लेन बदलताना सिग्नल दिला नाही म्हणून ट्रूपरनं (राज्य पोलिसानं) थांबवलं, कागदपत्रं पाहिली आणि मग विचारलं, ‘डिकी उघडून दाखवता का?’ तुम्ही उघडलीत. किराणा आणि मुलाची सायकल सोडून आत काही नव्हतं. मित्रमंडळींचं म्हणणं, नागरिक नसलेल्या माणसाला इथं नाही म्हणायचा हक्कच नसतो. दुसरीकडे, ग्रीनकार्डवर असलेल्या तुमच्या पत्नीनं टाउनहाउसच्या खिडकीत स्कूल बोर्डाच्या एका उमेदवाराची पाटी लावली, तर एचओएचं, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, दंडाचं पत्र आलं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की राज्याला वेगळं संविधान असतं म्हणजे काय, आणि आपल्यासारख्यांना त्याचा उपयोग काय.

मित्रांचं चुकतंय. डिकी उघडायला तुम्ही सरळ नाही म्हणू शकला असता. पाटीच्या बाबतीत एचओएची बाजू लंगडी आहे. आणि गंमत म्हणजे, या दोन्ही बाबतींत तुमचा खरा आधार वॉशिंग्टनच्या, म्हणजे केंद्राच्या संविधानात नाही, ट्रेंटनच्या, म्हणजे न्यू जर्सी राज्याच्या संविधानात आहे.

आपण भारतातून आलेली माणसं इथं हमखास अडखळतो. महाराष्ट्राला स्वतःचं संविधान नाही. एक जम्मू-काश्मीरचा अपवाद होता, तोही २०१९ मध्ये संपला. मूलभूत हक्क म्हटलं की आपल्या डोक्यात एकच ग्रंथ येतो, तिसरा भाग, अनुच्छेद १२ ते ३५. इथं मात्र पन्नास राज्यांची पन्नास संविधानं आहेत आणि प्रत्येकात हक्कांची स्वतंत्र यादी आहे. न्यू जर्सीचं पहिलं संविधान २ जुलै १७७६ चं, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापेक्षाही दोन दिवस आधीचं. केंद्राची हक्कांची सनद आली ती १७९१ मध्ये. तीसुद्धा राज्य सरकारांना बांधत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १८३३ मध्ये स्पष्टच सांगितलं होतं. ती राज्यांनाही लागू व्हायला लागली ती यादवी युद्धानंतरच्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधारानं, आणि तीही एकेक कलम करत, मुख्यतः विसाव्या शतकात. तोवर सामान्य माणसाला राज्य सरकारपासून जे काही संरक्षण होतं ते राज्याच्याच संविधानाचं.

सध्याचं संविधान १९४७ चं. ते लिहिणारी परिषद तुमच्या शेजारीच, न्यू ब्रन्सविकला रटगर्समध्ये भरली होती. त्याचा पहिला अनुच्छेद म्हणजे हक्कांची यादी. चौथीतल्या मुलालाही वाचता येईल अशी भाषा आहे, एकदा बसून वाचाच. खासगी नोकरीतल्या माणसांना संघटना करून मालकाशी सामूहिक वाटाघाटी करण्याचा हक्क त्यात आहे. केंद्राच्या संविधानात तो शोधून सापडणार नाही. वंश, रंग, धर्म किंवा मूळ देश यांवरून सार्वजनिक शाळांत मुलं वेगळी बसवायची नाहीत, हेही त्यात १९४७ मध्येच लिहिलेलं आहे. केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयानं शाळांतली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवली ती १९५४ मध्ये.

आता या दोन संविधानांचं एकमेकांशी नातं काय? केंद्राचं संविधान हक्कांची किमान पातळी ठरवतं. राज्याला तिच्या खाली जाता येत नाही. वर जायला मात्र कसलीही आडकाठी नाही. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानं ‘आमचा हा निकाल आमच्याच संविधानावर उभा आहे’ असं स्पष्ट लिहिलं, तर वॉशिंग्टनचं सर्वोच्च न्यायालयही त्याला हात लावू शकत नाही. १९८३ च्या मिशिगन विरुद्ध लाँग खटल्यानंतर हे अगदी पक्कं झालं. ही वाट वकिलांना ठळकपणे दाखवली ती न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी. ते नूअर्कचे. आधी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयात होते, १९५६ मध्ये वॉशिंग्टनला गेले. सत्तरच्या दशकात तिथलं न्यायालय आरोपींच्या हक्कांचा संकोच करतंय असं दिसल्यावर त्यांनी १९७७ मध्ये एक लेख लिहून राज्यांच्या न्यायालयांना सांगितलं की तुमच्याकडे तुमची स्वतःची संविधानं आहेत, ती वापरा. न्यू जर्सीनं ती वापरली, आणि मनापासून वापरली.

म्हणून इथला फौजदारी वकील झडतीविरुद्ध अर्ज करताना फक्त केंद्राच्या संविधानातली ‘चौथी दुरुस्ती’ लिहून थांबत नाही. त्याच्या शेजारी ‘न्यू जर्सी संविधान, अनुच्छेद १, परिच्छेद ७’ असतंच असतं. तुमच्या वकिलाच्या अर्जात ही ओळ नसेल तर बेलाशक विचारा, का नाही म्हणून. अवाजवी झडतीला मनाई करणारा दोन्हीकडचा मजकूर जवळपास शब्दशः सारखा आहे. अर्थ मात्र न्यू जर्सीत बराच रुंद लावला गेलाय.

तुमच्या डिकीचंच घ्या. केंद्राच्या नियमानुसार पोलिसांनी विचारलं, तुम्ही दबावाशिवाय हो म्हणालात, की झडती वैध. नाही म्हणायचा हक्क आहे हे तुम्हाला माहीत होतं की नाही, याला फारसं महत्त्व नाही. १९७३ चा तसा निकाल आहे. न्यू जर्सीनं दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, स्टेट विरुद्ध जॉन्सन खटल्यात सांगितलं की आमच्याकडे हे चालणार नाही. संमती देणाऱ्याला नकाराचा हक्क ठाऊक होता, हे सरकारनं सिद्ध केलं पाहिजे. म्हणून इथं ट्रूपर संमतीचा छापील फॉर्म पुढे करतात किंवा कॅमेऱ्यासमोर ‘तुम्ही नाही म्हणू शकता’ हे वाक्य उच्चारतात. तुमच्या वेळी ते उच्चारलं गेलं का, आठवून पाहा. बऱ्याच जणांना आठवत नाही, कारण त्या क्षणी कान बंद असतात आणि डोक्यात फक्त व्हिसा असतो.

त्यापुढची पायरी आली २००२ मध्ये, स्टेट विरुद्ध कार्टीत. या निकालामागे टर्नपाइकचा काळा इतिहास आहे. राज्याच्या दक्षिण भागात ट्रूपर काळ्या वाहनचालकांना निवडून थांबवतात, हे ग्लॉस्टर काउंटीच्या न्यायालयानं १९९६ मध्ये मान्य केलं होतं. १९९८ मध्ये एका व्हॅनमधल्या चार निःशस्त्र काळ्या आणि लॅटिनो तरुणांवर दोन ट्रूपरांनी गोळ्या झाडल्या. १९९९ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनीच वर्णभेदी अडवणूक होते हे कबूल केलं आणि स्टेट पोलिसांवर केंद्रीय देखरेख आली. ‘संमती’च्या नावाखाली कुणाच्या गाड्या उपसल्या जात होत्या हे तोवर सगळ्यांना दिसलं होतं. तेव्हा न्यायालयानं ठरवलं की वाहतुकीच्या साध्या चुकीसाठी थांबवलेल्या गाडीत, गुन्ह्याचा सांगता येण्याजोगा संशय असल्याशिवाय, पोलिसांनी झडतीची संमती मागायचीच नाही. विचारणंच गैर. सिग्नल दिला नाही हा असा संशय नव्हे. उच्चार वेगळा आहे, घाम आला होता, हात थरथरत होते, एवढ्यावरही सहसा भागत नाही. गांजाच्या वासाचं म्हणाल तर २०२१ च्या कायद्यानंतर नुसत्या वासावर संशय उभा करता येत नाही. आणि गाडीच्या आतून वास आला म्हणून थेट डिकी उघडता येत नाही, असं २०२३ च्या स्टेट विरुद्ध कोहेनमध्ये न्यायालयानं सांगितलंय.

तेव्हा पुढच्या वेळी लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स द्या, ते द्यावंच लागतं. खाली उतरा म्हटलं तर उतरा. चालकाला तो आदेश पाळावा लागतो. शेजारी बसलेल्या माणसाला उतरवायला मात्र न्यू जर्सीत पोलिसांना अधिकचं कारण लागतं. झडतीबद्दल विचारलं तर शांतपणे म्हणा, ‘मी संमती देत नाही.’ एवढंच. नकार हे संशयाचं कारण ठरत नाही. आधी हो म्हणून मध्येच थांबा म्हणता येतं. तरीही त्यानं डिकी उघडलीच तर हात धरू नका, वाद घालू नका. तिथं रस्त्यावर खटला जिंकता येत नसतो. पोलिसांकडे खरंच ठोस कारण असेल तर त्यांना बिनवॉरंट गाडी पाहता येते, आणि ते कारण ठोस होतं की नव्हतं हे न्यायाधीशांनी ठरवायचं असतं.

झालेल्या प्रसंगाबद्दल सांगायचं तर काही सापडलं नाही, म्हणजे न्यायालयानं बाद करावा असा पुरावाच नाही. राज्याच्या नागरी हक्क कायद्याखाली दावा लावता येतो, पण दहा मिनिटांच्या खोळंब्यासाठी मी तरी तो सुचवणार नाही. तक्रार नोंदवायची असेल तर लवकर नोंदवा. अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण किमान १८० दिवस ठेवण्याचा नियम आहे. तक्रार झाली तर ते जास्त काळ जपावं लागतं.

रस्त्यापलीकडेही हाच परिच्छेद ७ कामाला येतो. कचऱ्याची पिशवी घराबाहेर ठेवली की केंद्राच्या दृष्टीनं ती कुणीही उघडावी. न्यू जर्सीत पोलिसांना ती उचलता येते, पण उघडून पाहायला वॉरंट लागतं. हा निकाल १९९० चा. कचऱ्यात बँकेची पत्रं, औषधांच्या बाटल्या, सगळं आयुष्य असतं, हे तिथल्या न्यायमूर्तींना वॉशिंग्टनच्या न्यायमूर्तींपेक्षा चांगलं कळलं, असं माझं मत आहे. फोन कुणाला केले त्याची नोंद, बँकेचे व्यवहार, इंटरनेट कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, या माहितीवर ‘तुम्हीच ती कंपनीला दिलीत, आता ती खासगी कसली?’ हा केंद्राचा जुना युक्तिवाद न्यू जर्सीनं एकेक करून नाकारला. मोबाइल कुठे फिरला ते जाणायला वॉरंट लागेल, हे इथं २०१३ मध्ये ठरलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मोबाइल टॉवरच्या नोंदींबाबत तिथवर यायला २०१८ उजाडलं.

आता नागरिकत्वाकडे. अनुच्छेद १ चा पहिलाच परिच्छेद हक्क देतो ते सर्व व्यक्तींना. झडतीचं कलम, भाषणस्वातंत्र्याचं कलम, वकील मिळण्याचा हक्क, यांत कुठेही नागरिकत्वाची अट नाही. केंद्रातही ही गोष्ट जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी धोब्यांच्या १८८६ च्या खटल्यात समान संरक्षण परकीयांनाही आहे, असं ठरलेलं आहे. नागरिकत्व लागतं ते मतदानाला. हे जरा ठासून सांगतो, कारण माझ्या कार्यालयात येणारी सगळ्यात अवघड प्रकरणं इथलीच असतात: लायसन्स देणाऱ्या मोटार व्हेईकल कार्यालयाच्या खिडकीवर घाईत मतदार नोंदणीच्या चौकटीत खूण केलेली, आणि नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती वर आलेली. तिथं कुठलंच संविधान सहज सोडवत नाही. तसंच, एच-१बीवरच्या माणसानं निवडणुकीत उमेदवाराला पैसे देणं केंद्रीय कायद्यानं बंद आहे, अगदी स्कूल बोर्डालाही. तुमच्या पत्नीला ग्रीनकार्डमुळे ती बंदी नाही. पाटी विकत घेतली असेल तर ती त्यांनीच घेतलेली बरी.

आणि राज्याच्या संविधानाची मर्यादाही समजून घ्या. ते ट्रूपरला, एडिसनच्या पोलिसाला, शाळेला, काउंटीला बांधतं. इमिग्रेशनच्या किंवा कस्टमच्या केंद्रीय अधिकाऱ्याला बांधत नाही. नूअर्क विमानतळावर लॅपटॉप मागितला तर परिच्छेद ७ चा कागद फडकवून उपयोग नाही. तरी एका ठिकाणी या संविधानानं इमिग्रेशनच्या बाजूनंही मोठा आधार दिलाय. वकिलानं चुकीचं सांगितलं की ‘गुन्हा कबूल करा, व्हिसाला काही होणार नाही’, आणि नंतर देशाबाहेर काढायची वेळ आली, तर ती कबुली मागे घेता येते, हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये आपल्याच संविधानावर ठरवलं. केंद्राचा त्या धर्तीचा निकाल पुढच्या वर्षी आला. म्हणून क्षुल्लक वाटणाऱ्या म्युनिसिपल कोर्टाच्या प्रकरणातही कबुली देण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोला.

खिडकीतल्या पाटीचा प्रश्न मला व्यक्तिशः जास्त आवडला. कारण इथं समोर सरकार नाहीच, आहे ती खासगी संस्था. केंद्राची भाषणस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती सरकारला रोखते; एचओए, मॉल किंवा खासगी विद्यापीठ तिच्या कक्षेबाहेर. न्यू जर्सीचा परिच्छेद ६ वेगळ्या घडणीचा आहे. प्रत्येक व्यक्ती मोकळेपणानं बोलू, लिहू, प्रसिद्ध करू शकते, असं तो सांगतो. कुणापासून संरक्षण ते सांगत नाही. या फटीतून १९८० मध्ये स्टेट विरुद्ध श्मिड आला. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात राजकीय पत्रकं वाटणाऱ्या बाहेरच्या माणसाची शिक्षा न्यायालयानं रद्द केली आणि कसोटी घालून दिली: त्या जागेचा नेहमीचा वापर काय, लोकांना तिथं कितपत येऊ दिलं जातं, आणि जे बोलायचंय त्याचा जागेच्या वापराशी मेळ बसतो का. १९९४ मध्ये हीच कसोटी लावून मोठ्या मॉलमध्ये पत्रकं वाटू देणं भाग पाडलं गेलं. आखाती युद्धाला विरोध करणाऱ्यांचा तो खटला होता.

एचओएच्या बाबतीत न्यायालय सुरुवातीला बिचकलं. ईस्ट विंडसरच्या ट्विन रिव्हर्स वसाहतीत खिडकीत एक आणि घरालगतच्या फुलांच्या वाफ्यात एक एवढ्याच पाट्यांना परवानगी होती. २००७ मध्ये न्यायालयानं ते बंधन वाजवी ठरवलं, आणि एचओएच्या वकिलांनी त्याचा अर्थ ‘आता काहीही चालेल’ असा लावला. तो अर्थ टिकला नाही. पार्सिपनीच्या मॅझ्डाब्रूक वसाहतीतला एक रहिवासी टाउन काउन्सिलसाठी उभा राहिला. त्यानं स्वतःच्याच घराच्या खिडकीत आणि दारात आतून आपल्या प्रचाराच्या पाट्या लावल्या. ‘घर विकणे आहे’ सोडून कुठलीच पाटी चालणार नाही, असा तिथला नियम. २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम मोडीत काढला. माणसानं स्वतःच्या घरातून राजकीय मत मांडणं याला संविधानात फार वरचं स्थान आहे, आणि सरसकट बंदी ही वाजवी अट होऊ शकत नाही. घर घेताना कागदांच्या गठ्ठ्यावर सही केली म्हणजे तो हक्क सोडून दिला असंही होत नाही. त्यासाठी निदान तो हक्क काय होता आणि आपण तो सोडतोय हे स्वच्छ समजलेलं असायला हवं. २०१४ मध्ये फोर्ट लीच्या एका को-ऑप इमारतीत दाराखालून पत्रकं सरकवण्यावरची बंदीही अशीच गेली.

त्यामुळे तुमच्या एचओएचा नियम काय म्हणतो ते आधी काढून वाचा. ‘पाटीचा आकार एवढाच, खिडकीत एकच, निवडणुकीनंतर इतक्या दिवसांत काढा’ असा असेल तर तो बहुधा टिकेल, आणि तो पाळावा. ‘राजकीय पाटी चालणार नाही’ असा असेल तर मॅझ्डाब्रूकपुढे तो टिकणार नाही. नियम कागदावर तटस्थ आहे, पण शेजारच्याची फुटबॉल संघाची पाटी चालते आणि तुमची चालत नाही, असं असेल तर दोन्ही खिडक्यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. पाटी बाहेरच्या सामाईक हिरवळीवर असती तर मी इतक्या खात्रीनं बोललो नसतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण उपयोग काय म्हणालात म्हणून एक सांगतोच. जर्सी सिटीत राहणाऱ्या आपल्या किती तरी घरांतली तीन-चार वर्षांची मुलं फुकट प्री-केला (बालवाडीला) जातात. ती सोय या संविधानातून आलेली आहे. ‘परिपूर्ण आणि कार्यक्षम’ मोफत शाळा चालवणं हे विधिमंडळाचं कर्तव्य आहे, ही तरतूद १८७५ पासून त्यात आहे. मार्च १९७३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षण हा केंद्रीय संविधानातला मूलभूत हक्क नाही असं सांगितलं. एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या न्यायालयानं रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात, गावाच्या मालमत्ता करावर शाळा सोडून देणं या कलमात बसत नाही, असा निकाल दिला. विधिमंडळ पैसे उभे करेना. तेव्हा १ जुलै १९७६ ला न्यायालयानं शाळांवरचा खर्च थांबवून त्या चक्क बंद पाडल्या, आणि आठवडाभरात राज्याचा आयकर मंजूर झाला. तुमच्या पगारातून दर महिन्याला जो राज्याचा कर कापला जातो तो हाच. पुढे अ‍ॅबट विरुद्ध बर्क या लांबलेल्या खटल्यात १९९८ मध्ये, ठरावीक गरीब शहरांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना प्री-के द्या, असा आदेश झाला. जर्सी सिटी त्या यादीत आहे, एडिसन नाही. तुमच्या मुलाच्या वेळी पैसे का मोजावे लागले, त्याचं उत्तर यात आलं.

आता कामाचं. एचओएच्या पत्राला गप्प बसून उत्तर देऊ नका. दंड साचत जातो आणि नंतर घर विकताना अडवतो. पत्रातली मुदत संपायच्या आत लेखी कळवा की दंड मान्य नाही, पाटी परिच्छेद ६ आणि २०१२ च्या मॅझ्डाब्रूक निकालाखाली संरक्षित आहे, आणि तुम्हाला तंटा-निवारणाची प्रक्रिया हवी आहे. कोर्टाबाहेर तंटा सोडवण्याची सोय ठेवणं इथल्या कायद्यानं एचओएवर बंधनकारक आहे. पत्र ई-मेलनं आणि सर्टिफाइड टपालानं, दोन्ही मार्गांनी पाठवा. बहुतेक बोर्ड या टप्प्यावर आपल्या वकिलाला विचारतात, आणि तो त्यांना माघार घ्यायला सांगतो. नाहीच घेतली, तर नियमावली, पत्र आणि फोटो घेऊन कुठल्याही स्थानिक वकिलाकडे जा. मी वर दिलंय ते सर्वसाधारण चित्र आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत.